मंजुळा, तेल की वायर?

परवा सकाळी आपण करंदी सोलत बसलो होतो. तू पाटावर, मी फरशीवर, मधे परात. तुझ्या मूठभर सोलून व्हायच्या तेव्हा माझी एक व्हायची, आणि तिचंही डोकं काढायचं राहिलेलं असायचं. तू तसली एक उचलून माझ्या नाकासमोर धरलीस. म्हणालीस, "हिला डोकं हाय अजून. तुझ्यापरीस जास्त हाय." मी म्हटलं, "फोन आला नाही अजून." तू म्हणालीस, "येल. आणि आला का मीच जिंकनार."

बस, एवढंच. मग तू कालवण केलंस, आपण जेवलो, तू पंख्याखाली आडवी झालीस. चहाच्या वेळेला हाक मारली तर ओ नाही. परत मारली, तरी नाही. तू कधी कधी ओ द्यायची नाहीस हे खरं, पण निदान शिवी तरी द्यायचीस. शिवी पण आली नाही, तेव्हाच मला कळलं.

लोकांना वाटतंय म्हातारा बायको गेली म्हणून मुका झालाय. ते तर आहेच. पण तुला म्हणून सांगतो, संध्याकाळी सगळं आटपून घरी आलो, आंघोळ केली, आणि डोक्यात पहिला विचार काय आला असेल? फोन आला नाही. तू मधेच उठून गेलीस. पैज लावून असं कुणी उठून जातं का गं?

तुझ्यापाठी येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना हे सांगत बसलो तर ते म्हणतील याच्या डोक्यावर परिणाम झाला. म्हणून लिहितोय. चौथी शिकलेल्या माणसाचं अक्षर आहे, पण तू तरी कुठं अक्षराला नावं ठेवायचीस. तू माणसालाच ठेवायचीस.

तर शेठच्या विमानाचं. तुला सगळं माहीत आहे, तरी परत सांगतो, कारण तू प्रत्येक वेळी शेजारणीला सांगताना त्यात तिखट-मीठ घालायचीस आणि शेवटी विमान तूच चालवल्यासारखं व्हायचं. जुहूच्या छोट्या विमानतळावर मी हेल्पर. विमान धुवायचं, ढकलायचं, इंजिनियर मॅडमला पाना द्यायचा, ती पंखाखाली झोपली की टॉर्च धरायचा. शेठचं विमान चार माणसांचं, शेठ स्वतःच उडवतो. वर उत्तरेला पहाडात त्याची सफरचंदाची बाग आहे, थंडीत तिकडं जातो. या विमानाच्या दोन्ही पंखांवर एक-एक पट्टी असते, पंखात लपलेली. बटण दाबलं की ती उभी राहते, वारा अडवते आणि विमानाचा वेग कमी होतो. तिला स्पीड ब्रेक म्हणतात. हे समजायला मला हँगरात सहा महिने लागले होते. तुला सांगितलं तर तू मासळीची टोपली उतरवता उतरवता म्हणालीस, "म्हंजे होडीत वल्हं आडवं धरतात तसं ना? त्यात काय एवढं." मला इतका राग आला होता. सहा महिने गं माझे!

तर ही उजवीकडची पट्टी पहाडात गेली की आळस करायची. थंडीत सकाळी बटण दाबलं की डावी टपकन उभी, आणि उजवी उठायची ती आपल्या बिल्डिंगच्या लिफ्टसारखी. येते की नाही, येते की नाही, आली. तेवढ्यात विमान एका अंगाला ओढायचं. शेठ घाबरायचा आणि खाली येऊन मॅडमला फोन करायचा. आणि मुंबईत आणलं की? दोन्ही टपाटप. तापाचं पोर दवाखान्याच्या पायरीवर खेळायला लागतं ना, तसं. मॅडम बटण दाबून दाबून थकली.

मॅडमनं सरळ सांगितलं, कारणं तीन. आतलं जुनं ग्रीस धूळ खाऊन घट्ट झालं असेल आणि थंडीत गोठत असेल. नाहीतर वायरीतून करंट कमी पोचत असेल. नाहीतर आतला क्लच झिजला असेल. तिन्ही बघायचं, पुस्तकात लिहिलंय तसं. तिनं मुंबईत वायर तपासली, मीटर लावला, आकडा बरोबर आला. मी ते घरी येऊन तुला सांगितलं ही चूक झाली. हातातली लसूण खाली ठेवून तू निकाल दिलास.

"तेल गोठतंय. जानेवारीत आपल्या खोबरेलाची बाटली बघितलीस ना? मी खिडकीत उन्हात ठेवते तवा कुठं टाळूला तेल लागतं तुझ्या. पहाडात काय होत असंल?"

"मग डावीचं का गोठत नाही?"

"विमानात चढता कुठून?"

"उजव्या पंखावर पाय देऊन. दार तिकडंच आहे."

"झालं तर. सगळ्यांच्या चपलांची घाण उजवीला. माझ्या उंबऱ्याची अवस्था बघतोस ना तू रोज?"

मी म्हटलं, "वायर असणार."

आणि मग तू जे बोललीस ते शेजारच्या खोलीत पण ऐकू गेलं. "तुला सगळ्याला वायरच दिसतंय! टीव्ही बंद, वायर. मिक्सर बंद, वायर. परवा भात करपला तर म्हणे शेगडीची वायर. गॅसला वायर असते का रं?"

खरं सांगू का, मला पण वायर का वाटली ते माहीत नव्हतं. मला वायर वाटते. काही माणसांना वाटतं पोटातच बिघाड आहे, मला वाटतं वायरीत आहे. पण तू तेल म्हणालीस म्हटल्यावर मी वायर सोडणार नव्हतो. तू तेव्हा कमरेवर हात ठेवून उभी राहिलीस आणि पैज तूच लावलीस. तेल निघालं तर मी मरेपर्यंत घरात वायर हा शब्द काढायचा नाही. आणि वायर निघाली तर तू तुझ्या भावासमोर, हरेश्वरसमोर, दहा माणसांत म्हणायचं, "हा बरोबर होता."

मंजुळा, लग्न झाल्यापासून हे तीन शब्द मी तुझ्या तोंडून ऐकले नव्हते. मी घाटावरचा, तू खारदांड्याची कोळीण. मासा म्हणजे मला फक्त काटा. पहिल्यांदा तुझ्या घरी बोंबील वाढला तर मी तो वांग्यासारखा मधून चिरायला गेलो, आणि हरेश्वर हसून हसून अंगणात जाऊन बसला. तेव्हापासून त्या घरात माझी इज्जत म्हणजे काय, तुला माहीत आहे. हँगरात तीस वर्षं काढली तरी तो मला "विमान पुसणारे भावोजी" म्हणायचा. त्याच्यासमोर हे तीन शब्द! मला तेवढ्यासाठी तरी वायर पाहिजे होती.

आता मुंबईत थंडी आणायची कुठून? हँगरातला फ्रिज डब्यांचा, दर दहा मिनिटाला कुणीतरी उघडणार. मॅडम डोकं धरून बसली. ती म्हणाली, पट्टीचा अख्खा जोड पंखातून काढून पहाडाएवढा गार करता आला पाहिजे, मग बॅटरी लावून बघता येईल. मी म्हटलं, "मॅडम, माझा मेव्हणा खारदांड्याला. त्याच्याकडं बर्फाची पेटी आहे, म्हैस बसेल एवढी." मॅडम हसली. मग हसायची थांबली. मग तिनं विचारलं, "काका, स्वच्छ असते का?" मी म्हटलं, "मासे असतात." ती पुन्हा डोकं धरून बसली, पण संध्याकाळी आलीच आपल्याबरोबर रिक्षानं, जोड मांडीवर घेऊन, लेकरासारखा.

पाणी आत जाता कामा नये ही तिची अट. तू घरातला पिठाचा डबा रिकामा केलास, तो घट्ट झाकणाचा स्टीलचा. पीठ कशात ओतलंस तर माझ्या नव्या बादलीत. जोड कोरड्या फडक्यात, फडकं पिशवीत, पिशवी डब्यात, डबा आणखी दोन पिशव्यांत. सुरमई-पापलेटांच्या मधे खड्डा करून हरेश्वरनं डबा बसवला आणि वर बर्फ लोटला. आणि तू काय केलंस? खड्या मिठाची पिशवी उचललीस.

मॅडम किंचाळली, "मीठ नको! मावशी, मीठ नको! ॲल्युमिनियम खाऊन टाकतं मीठ!"

"अगं बाय, मिठाशिवाय बर्फ चावत नाय. कुल्फीवाला काय खुळा हाय?"

"एक कण जरी आत गेला तरी पट्टी फुकट जाईल."

"मग एवढ्या पिशव्या कशाला घातल्यास? शोभेला?"

मी मधे पडलो. म्हटलं, "मंजुळा, मॅडम इंजिनियर आहे." तू म्हणालीस, "आणि मी काय? मी जन्मभर बर्फ विकत घेतलाय." हरेश्वर म्हणाला, "भावोजी, तुम्ही पुसायचं काम करा." अंगणात सगळ्या बायका जमल्या. कुणी मिठाच्या बाजूनं, कुणी मॅडमच्या. शेवटी मॅडमनंच पिशव्या सोडून परत बांधल्या, गाठी स्वतःच्या हातानं मारल्या, आणि म्हणाली, "घाला मीठ. पण डबा मीच उघडणार, धुऊन, पुसून." तू मीठ घातलंस तेव्हा तुझा चेहरा बघितला मी. देवळात नैवेद्य दाखवताना पण तू इतकी खूश नसतेस.

दुसऱ्या दिवशी डबा काढला. धुतला, पुसला, मॅडमनं उघडला, लगेच बॅटरी लावली. पट्टी हलली. मग थांबली. मग पुन्हा हलली. आणि तुमच्या दांड्याच्या त्या बायका! "उठ गं बाय, उठ!" "जोर लाव!" "हिला पेज पाजा!" पट्टी उठली तेव्हा टाळ्या पडल्या. मॅडमनं घड्याळ बघितलं आणि म्हणाली, नेहमीपेक्षा फार वेळ लागला. मग तिनं तो जोड उघडला. आत काळं, चिकट, धुळीनं मळलेलं ग्रीस. तू बोटावर घेऊन माझ्या नाकाला लावलंस. "घे. वायर."

मॅडमनं सगळं पुसून काढलं, थंडीत न गोठणारं नवं ग्रीस लावलं. उजवी परत डब्यात, परत बर्फात, परत मीठ, परत बायका. या वेळी टपकन उठली. तू अंगणाच्या मधोमध हात वर करून उभी राहिलीस. मी म्हटलं, "हे बर्फातलं झालं. पहाडात जाऊ दे." तू म्हणालीस, "मेला हरला तरी नाक वर." मॅडम पण म्हणाली की खरं पहाडातच कळणार. मी ते वाक्य मनात धरून ठेवलं होतं, मंजुळा. बुडत्याला काडी.

विमानाला जोड बसवला त्या दिवशी हँगरातली सगळी मांजरं येऊन उजव्या पंखाखाली बसली आणि मान वर करून बघत राहिली. एवढ्या पिशव्या, तरी वास गेलाच होता. शेठनं विचारलं, "ही मांजरं इथंच का?" मॅडमनं माझ्याकडं बघितलं, मी झाडूकडं बघितलं.

तुला मी म्हटलं होतं शेठ चांगला माणूस आहे, एकदा विचारतो, जरा वर नेऊन फिरवून आणेल. तू म्हणालीस, "खाली पाणी नाय. पडलं तर पवायचं कुठं?" मी म्हटलं, "दांड्यावरून गेलो तर खाली पाणीच आहे." तू म्हणालीस, "मग भाऊ बघंल आणि म्हणंल भावोजी बुडवायला नेतोय." एक तर उत्तर तू तयार ठेवायचीस, नाहीतर दोन. मी रात्रभर विचार करून एक शोधायचो आणि सकाळी तोपर्यंत विषय बदललेला.

हे मात्र कधी बोललो नाही, आणि आता कागदावर लिहितोय म्हणून लाज वाटत नाही. आपली अंधेरीची खोली तुझ्या टोपलीवर उभी राहिली. माझा पगार घरात यायचा आणि तुझ्या पैशाला बघून कोपऱ्यात बसायचा. बाजारात तू ओरडायचीस त्या आवाजावर पोरीचं शिक्षण झालं. नाव मंजुळा, आणि हाक मारलीस की गिल्बर्ट हिलवरची कबुतरं उडायची. घरी येऊन तोच आवाज माझ्यावर. आणि मग जेवायला बसलो की न बोलता माझ्या ताटातल्या माशाचा काटा काढून ठेवायचीस. इतकी वर्षं झाली, मला येत नव्हतं असं थोडंच आहे? येत होतं. पण तू काढत होतीस म्हणून मी येत नाही असं दाखवायचो. तुला पण ते माहीत असणार. तू कधी बोलली नाहीस. बघ, तुझ्याकडं पण न बोललेलं काहीतरी होतं. विश्वास बसत नाही.

शेठ गेल्या आठवड्यात पहाडात गेला. तिकडं चांगली थंडी पडली की सकाळी उडवून बघणार आणि मॅडमला फोन करणार, मॅडम मला. तू रोज विचारायचीस. भाजी आणायला खाली गेलीस तरी परत येऊन आधी फोन. परवा पण विचारलंस. बाकी पुढचं तुला माहीत आहे. खरं तर नाही माहीत. म्हणून तर लिहितोय.

काल सकाळी गॅलरीत चटया टाकल्या होत्या. हरेश्वर भिंतीला टेकून बसला होता, डोळे सुजलेले. तुमच्या दांड्याच्या बायका, आपल्या मजल्यावरची माणसं. पोरगी आत तुझ्या साड्यांच्या घड्या घालत होती आणि परत मोडत होती. तेवढ्यात मॅडम आली, हातात साखर-चहाची पिशवी. माझ्यासमोर बसली. "काका," म्हणाली, आणि पिशवी माझ्यापुढं सरकवली.

मी विचारलं, "मॅडम, फोन आला का?"

ती गडबडली. "काका, ते राहू द्या आता."

"आला का?"

"आला. काल संध्याकाळी."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. त्यांना वाटलं कुणाचा फोन. हरेश्वरला मात्र कळलं, तो सरळ होऊन बसला. "सांगा मॅडम," तो म्हणाला. "बहिणीनं विचारलंच असतं."

मॅडमनं खाली मान घालून सांगितलं. थंडीत उजवी पट्टी परत उशिरा उठली. पहिल्यापेक्षा जरा बरी, पण उशिराच. मग तिथल्या मिस्त्रीनं उजव्या पंखातल्या अर्थिंगच्या वायरीचा स्क्रू काढला, तर खाली गंज. थंडीत ते सैल पडून करंट कमी जात होता. मुंबईच्या उकाड्यात मीटरला ते दिसलंच नाही, आणि बर्फात आपण फक्त पट्टी ठेवली, पंखातली वायर थोडीच ठेवली होती. गंज घासला, स्क्रू आवळला. आता दोन्ही एकदम उठतात.

मग तिनं मान वर केली आणि माझ्या हातावर हात ठेवून हरेश्वरसमोर, दहा माणसांत म्हणाली, "काका, तुम्ही बरोबर होता."

मंजुळा, तेच तीन शब्द. हरेश्वर होता, माणसं होती, सगळं ठरल्यासारखं. आणि मला इतका राग आला! त्या बिचाऱ्या पोरीचा राग आला. तिनं ते का म्हणावं? ते तिनं म्हणायचं नव्हतं.

मी म्हटलं, "मी कुठला बरोबर? तेलच होतं ते."

"काका, पण वायर निघाली..."

"निघू दे. मी जन्मभर सगळ्याला वायरच म्हणत आलोय, कधीतरी लागायचीच. तिनं बघून सांगितलं होतं. ग्रीस काळं होतं की नाही? तुम्ही स्वतः काढलंत. पहिल्यापेक्षा बरी उठली म्हणालात ना आत्ता? ती बरी कशानं झाली? वायरीनं? वायर तर नंतर घासली!"

हरेश्वर म्हणाला, "भावोजी बरोबर बोलतायत." मग त्याला स्वतःलाच कळलं आपण काय बोललो ते, आणि तो तोंडावर पंचा धरून रडायला लागला. मागून एक म्हातारी म्हणाली, "मीठच कमी पडलं असंल."

मॅडमनं डोळे पुसले. म्हणाली, "बरं काका. तेलच होतं."

असं कसं? इतक्या सहज? एवढ्या वर्षांत या घरात इतक्या लवकर कुणी माघार घेतलेली मी बघितली नाही. मला ते चालेना. घर एकदम रिकामं झाल्यासारखं वाटलं, परवा तुला नेलं तेव्हा पण झालं नव्हतं इतकं.

मी म्हटलं, "मॅडम, असं लगेच बरं म्हणू नका. जरा भांडा."

तिनं माझ्याकडं बघितलं. शहाणी पोरगी आहे. चप्पल बाजूला सारली, चटईवर नीट मांडी घातली आणि आवाज चढवून म्हणाली, "तेल कसं असेल काका? तेल तर आपण आधीच साफ केलं होतं!"

मी कमरेवर हात ठेवून उभा राहिलो, आणि तुझ्या बाजूनं सुरू झालो.